उतारवयात म्हातारा कुत्रा दत्तक घ्यावा का?

सावकाश

नमस्कार मंडळी. मी ७२ वर्षांचा, सौ. ६९. घरात पूर्वी कुत्री होती. शेवटची गेली त्याला बराच काळ लोटला, आणि आता पुन्हा हा व्याप नको असं दोघांनी ठरवलं होतं.

पण मध्यंतरी सौ. प्राण्यांच्या एका निवाऱ्यात जुन्या चादरी द्यायला गेल्या आणि तिथला एक कुत्रा डोक्यात घेऊन परतल्या. ११ वर्षांचा, मध्यम अंगाचा, तपकिरी. मालक वारले, घरच्यांना ठेवायचा नव्हता. येणारे लोक पिल्लांपाशी रेंगाळतात. हा उठून जाळीपाशी येतो, हात हुंगतो, आणि माणूस पुढे सरकला की मुकाट जाऊन बसतो. भुंकत नाही. एक डोळा निळसर झालाय.

मुलगी म्हणते, "तुमचंच करायला तिथे कुणी नाही, त्यात त्याचं कोण करणार?" मुलगा म्हणतो, "घ्यायचाच तर तरुण घ्या. हा दोन वर्षांत जाईल आणि आई अंथरूण धरेल." माझं स्वतःचं मत अजून पक्कं नाही.

हळवा सल्ला नको, तो घरात भरपूर मिळतोय. आमच्या वयात म्हातारं जनावर आणलेल्यांनी रोजचं काय होतं ते सांगावं. घेऊ नये असं वाटत असेल तर तेही सांगा, पण कारणासकट.

पेन्सिल

घ्या! (पहिला प्रतिसाद माझा.)

तिरकस

काका, तुमच्या चिरंजीवांचं गणित उलटं आहे. आज पिल्लू आणलंत तर ते ऐन भरात असताना तुम्ही ऐंशीच्या घरात असाल. त्याला धावायचं असेल, तुम्हाला बसायचं असेल. शिवाय पहिलं वर्ष शी-शू शिकवणं, दात शिवशिवतात म्हणून कुरतडलेल्या चपला आणि पायात घुटमळणं. पडायला तेवढं पुरे. ११ वर्षांच्या कुत्र्याला तुमच्यासारखंच दुपारी झोपायचं असतं.

वाऱ्यावरची

तुम्ही रोजचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या आईने पंचाहत्तरीत दहा वर्षांची कुत्री आणली. आम्ही सगळे विरोधात होतो.

सुरुवातीला ती कुत्री फक्त दाराशी झोपायची. हाक मारली तरी ढिम्म. आईला वाटलं रुसली आहे, मग लक्षात आलं की तिला ऐकूच येत नाही. आईने हाका सोडल्या आणि जमिनीवर पाय आपटायला लागली. हादरा बसला की कुत्री मान वर करते. मग हाताच्या खुणा ठरल्या. तळवा खाली म्हणजे बस, दोन बोटं स्वतःकडे म्हणजे ये. म्हातारं कुत्रं नवीन शिकत नाही हे धादांत खोटं आहे. फक्त झोपेत असताना पाठीमागून हात लावायचा नाही, दचकून तोंड टाकतं. आधी नाकासमोर हात धरायचा.

आईचा दिवस तिच्याभोवती लागला. सकाळी लवकर बाहेर, पुन्हा दुपारी, संध्याकाळी, आणि झोपण्याआधी एकदा. फिरणं कसलं, वास घेत घेत रमतगमत जाणं. मला बघताना वैताग येतो, पण त्या दोघींचा वेग अगदी जुळतो.

एक गोष्ट मात्र घरात कडक झाली. आईच्या गोळ्या. थरथरत्या हातातून गोळी निसटते, टप्प टप्प करत कपाटाखाली जाते, आणि आपण वाकेपर्यंत कुत्रीने ती गिळलेली असते. रक्तदाबाची गोळी होती. धावपळ झाली, निभावलं. आता गोळ्यांचा डबा टेबलावर, खोलीचं दार लावून, ताटात उघडायचा. गोळी पडली तर ताटातच पडते.

पेन्सिल

ताटाची आयडिया लय भारी. कुत्रं नसलेल्यांनीही वापरावी.

खडूस

सगळे गोडगोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. २०१९ साली 'जामा सर्जरी' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. पट्टा धरून कुत्रा फिरवताना हाड मोडून इस्पितळाच्या आकस्मिक विभागात आलेल्या ६५ वर्षांपुढच्या लोकांचा अंदाज २००४ मध्ये वर्षाला १,६७१ होता, तो २०१७ मध्ये ४,३९६ वर गेला. बहुतेक बायका, आणि सगळ्यात जास्त मोडणारं हाड खुब्याचं. या वयात खुबा मोडणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको.

मी कुत्र्यांच्या विरोधात नाही. पण काकूंची हाडं ठिसूळ आहेत का, हे कुणी विचारलंच नाही अजून.

तिरकस

खडूसराव, नावाला जागलात. पण त्या आकड्यांत तरुण, आडदांड कुत्री किती आणि असे सरपटणारे म्हातारबुवा किती?

खडूस

ती फोड मी वाचलेली नाही. पण मांजर दिसलं की म्हातारबुवाही पोरगा होतो. आमच्या शेजारचे बघून सांगतोय.

चालती_बोलती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज पडलेली माणसं बघते. खडूस यांचा मुद्दा रास्त आहे, पण त्यावरचा उपाय "घेऊ नका" हा नाही.

पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीच. लोक पकड पक्की व्हावी म्हणून वळसा घेतात आणि कुत्र्यासोबत स्वतःही ओढले जातात. पट्टा असा धरायचा की प्रसंग आला तर सोडता येईल. मोकळ्या, वाहनं नसलेल्या जागी फिरवत असाल तर कुत्रा सुटणं परवडतं, माणूस पडणं नाही. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, त्याने ओढ कमी होते. लांबत जाणारा दोरीचा पट्टा नको. काठी वापरत असाल तर पट्टा दुसऱ्या हातात. आणि चपला नकोत, टाचेला धरणारे बूट.

घरात पडण्याचं कारण वेगळं असतं. कुत्रा रात्री वाटेत झोपतो आणि अंधारात आपण त्याच्यावर अडखळतो. पलंग ते न्हाणीघर या वाटेवर मंद दिवा लावा, कुत्र्याचं अंथरूण त्या वाटेवर नको.

काका, त्याचं वजन किती? काकूंच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असेल तर नको म्हणेन.

सावकाश

वजन १६ किलो सांगितलं. सौ.चं वजन इथे लिहिलं तर मलाच निवाऱ्यात जावं लागेल, पण निम्म्याहून पुष्कळ कमी आहे एवढं सांगतो.

हाडांचं म्हणाल तर तिची तपासणी झालेली आहे, थोडी ठिसूळ आहेत. फिरवणं माझ्याकडे राहील.

हिशोबी

अवांतर : "कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात" हे विसरा. २०२० साली लॅब्राडॉरच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून शास्त्रज्ञांनी एक सूत्र मांडलं : वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम गुणिले १६, अधिक ३१. म्हणजे सुरुवातीला कुत्रं झपाट्याने मोठं होतं आणि पुढे वेग मंदावतो. ११ घालून पाहिलं तर उत्तर ६९ च्या जरा पुढे येतं.

काकू, तुमचा वर्गमित्र आहे तो.

पेन्सिल

हहपुवा! (हसून हसून पुरेवाट.)

डोळस

हिशोबी, सूत्र बरोबर, पण ते लॅब्राडॉरवरून काढलेलं आहे. छोट्या चणीची कुत्री जास्त जगतात, अवाढव्य जातीची सहा-सात वर्षांतच म्हातारी होतात.

मी जनावरांचा डॉक्टर. कुत्रा न बघता निदान करणार नाही, पण आणण्याआधी काय विचारायचं ते लिहितो.

निळसर डोळा. या वयात बहुतेकदा तो मोतीबिंदू नसतो. भिंगाचा गाभा वयाने घट्ट होतो आणि त्यावर धुरकट निळी झाक येते. कुत्र्याला त्यातून बऱ्यापैकी दिसतं. मोतीबिंदू पांढरा दिसतो आणि नजर अडवतो. मात्र सहसा ही झाक दोन्ही डोळ्यांत येते. एकाच डोळ्यात असेल, डोळा लाल असेल किंवा तो मिचकावत असेल तर डोळ्यातला दाब तपासायलाच हवा. ते लांबणीवर टाकू नका.

"भुंकत नाही, मुकाट जाऊन बसतो" हे वाचून मला कौतुक कमी आणि शंका जास्त वाटली. शांत स्वभाव आणि दुखणं बाहेरून सारखंच दिसतं. सांधे दुखणारं कुत्रं रडत नाही. ते उडी मारणं सोडतं, उठायला वेळ लावतं, एकच सांधा चाटत राहतं. त्याला झोपेतून उठताना बघा. आधी पुढचे पाय टाकून मागचा भाग ओढत उठतो का? मग तोंड उघडून बघा. बहुतेक म्हाताऱ्या कुत्र्यांचे दात खराब, हिरड्या सुजलेल्या असतात, आणि कुजके दात काढले की महिन्याभरात कुत्रं खेळायला लागलेलं मी पाहिलंय. रक्त आणि लघवीची तपासणी हवीच. मूत्रपिंड, यकृत, साखर, थायरॉईड. ही तपासणी पुढे दर सहा महिन्यांनी.

आता घरातलं. तुमच्या सांधेदुखीची गोळी त्याला अर्धी करूनही द्यायची नाही. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही मनाने नाही. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली कुठलीही वस्तू, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा यांपासून लांब. तो गाढ झोपलेला असताना छातीची हालचाल मोजायची सवय ठेवा. मिनिटाला ३० च्या वर सतत जात असेल तर फोन करा, हृदयाचं दुखणं तिथे आधी कळतं.

आणि एक, पुढे कधी घाबरू नये म्हणून. म्हाताऱ्या कुत्र्याला एखाद्या सकाळी अचानक मान तिरकी, बुबुळं झटके देत फिरतायत, उभं राहता येत नाही असं होऊ शकतं. लोकांना वाटतं पक्षाघात झाला, संपलं. बऱ्याचदा तो आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरा होतो. डॉक्टरकडे न्यायचंच, पण निरोपाचा निर्णय त्या सकाळी घेऊ नका.

वाऱ्यावरची

@डोळस, प्रतिसादाची वाचनखूण साठवली. आईची कुत्री अगदी तशीच उठते, मागचा भाग ओढत. आम्ही वयाचंच धरून चाललो होतो. तिला दाखवून आणते.

अर्धवट

दोन वर्षांत जाईल कशावरून? पोर्तुगालमधला एक कुत्रा ३१ वर्षं जगला, गिनीज बुकात आहे.

हिशोबी

होता. बॉबी. २०२३ मध्ये विक्रम दिला आणि वयाचा पुरेसा पुरावा नाही म्हणून २०२४ मध्ये काढून घेतला. त्याआधीचा विक्रम ऑस्ट्रेलियातल्या ब्लूईचा, २९ वर्षं ५ महिने, १९३९ साली गेला. त्याच्या भरवशावर काकांनी बेत आखू नये.

अर्धवट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

निर्मोही

मी केलं आहे हे, म्हणून लिहितो. निवृत्तीनंतर एक तेरा वर्षांची कुत्री आणली. ऋतू बदलायच्या आत गेली. त्या काळातला निम्मा वेळ दवाखान्याच्या बाकावर गेला. तिला शेवटी मऊ जागा मिळाली वगैरे सगळं खरं, पण माझ्या अंगाला ते झेपलं नाही. बायको गेल्यावर दोन वर्षांनी हे केलं होतं, आणि सगळं तसंच पुन्हा झालं : औषधांची वेळापत्रकं, रात्री उठून श्वास चालू आहे का बघणं.

लोक विचारतात पुन्हा आणाल का. नाही. यात मोठं काही नाही, मला नको आहे एवढंच. घरात अजून कुणाचं आजारपण ताजं असेल तर थांबा.

केशरी

निर्मोही, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अशा धाग्यांवर सगळे "तिने मलाच वाचवलं" छापाचं लिहितात आणि ज्यांना झेपलं नाही ते गप्प बसतात.

पेन्सिल

पण कुत्र्यामुळे आयुष्य वाढतं ना? स्वीडनचा मोठा अभ्यास आहे.

हिशोबी

आहे, २०१७ चा. ४० ते ८० वयाचे ३४ लाख लोक, बारा वर्षांचा काळ. एकट्या राहणाऱ्यांत कुत्रा असलेल्यांचा मृत्यूचा धोका ३३ टक्के कमी दिसला. पण कुत्र्यामुळे माणूस धडधाकट राहतो की धडधाकट माणूसच कुत्रा पाळतो, हे अशा नोंदींवरून ठरत नाही. हृदयाचं औषध म्हणून कुत्रा आणू नये.

खडूस

हिशोबींना माझ्याकडून पूर्ण गुण.

आता मुलीचा प्रश्न. "त्याचं कोण करणार?" याला इथे कुणीच हात घातलेला नाही. काकांना उद्या आठवडाभर इस्पितळात राहावं लागलं तर? देव न करो, दोघांपैकी एक गेलं तर? ज्या कुत्र्याचा मालक एकदा वारला, त्याला दुसऱ्यांदा त्याच पिंजऱ्यात टाकणार का?

केशरी

हा प्रश्न फक्त म्हाताऱ्यांनाच का विचारतात कोण जाणे. तिशीतली जोडपी नोकरी बदलली, मूल झालं, की कुत्रं आणून सोडतात. मी निवाऱ्यात मदत करते, परत येणारी कुत्री जास्त करून तरुण घरांतूनच येतात. निदान आमच्याकडे तरी.

पण प्रश्नाला उत्तर आहे. ब्रिटनमध्ये १९८५ पासून सिनॅमन ट्रस्ट नावाची संस्था नेमकं हेच करते. वृद्ध किंवा शेवटच्या आजारात असलेल्या लोकांची जनावरं स्वयंसेवक फिरवून आणतात, मालक इस्पितळात असताना आपल्या घरी ठेवतात, आणि मालकामागे सांभाळण्याचीही सोय आधी ठरवून ठेवता येते. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ पासून मटव्हिल ही संस्था फक्त म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी चालते, आणि वयस्कर माणसांना वयस्कर कुत्री देण्याची त्यांची खास योजना आहे.

अशी संस्था हाताशी नसेल तर तीच गोष्ट स्वतः कागदावर उतरवायची. निवाऱ्याला सरळ विचारा : कायमचा दत्तक न देता कायमच्या सांभाळावर द्याल का? म्हणजे कुत्रा आयुष्यभर तुमच्या घरी, पण मालकी निवाऱ्याची. काही ठिकाणी औषधपाण्याचा खर्चही तेच करतात. आणि तुम्हाला काही झालं तर तो बेवारस होत नाही, आपोआप त्यांच्या जबाबदारीत जातो. ११ वर्षांच्या कुत्र्यासाठी बरेच निवारे आनंदाने तयार होतात, कारण त्याला एरवी कुणी विचारत नाही.

शिवाय एक माणूस हवा. "आम्ही बघू" म्हणणारे चार जण नकोत, एकच, नाव-गाव असलेला, ज्याच्याकडे तुमच्या घराची किल्ली आहे आणि ज्याला कुत्रा ओळखतो. त्याचा नंबर पाकिटात चिठ्ठीवर : घरी कुत्रा आहे, यांना कळवा. औषधं, खाण्याच्या वेळा, डॉक्टरचा फोन, भीती कशाची वाटते, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर.

चालती_बोलती

+१. आणि रक्त पातळ करणारं औषध कुणी घेत असेल तर कुत्र्याची नखं नियमित कापा. या वयात कातडी पातळ असते, साध्या ओरखड्याचंही रक्त लवकर थांबत नाही.

मध्यरात्र

उशिरा आलो धाग्यावर. आमचा कुत्रा चौदा वर्षांचा आणि वडील एक्याऐंशीचे. दोघांचीही स्मृती विरत चालली आहे. कुत्रा रात्री फेऱ्या मारतो, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो आणि मागे यायचं विसरतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहून दार उघडायची वाट बघतो. वडील उठतात, त्याला खांद्याला धरून वळवतात, "अरे इकडे, इकडे" म्हणतात, आणि मग स्वतः कशाला उठलो होतो ते विसरतात.

डॉक्टरांनी कुत्र्यासाठी दिवसा ऊन, थोडं फिरणं, फर्निचर अजिबात न हलवणं असं सांगितलं आणि औषध दिलं. वडिलांसाठीही जवळपास तेच सांगितलं होतं.

झोप कुणाचीच होत नाही. हे काकांना माहीत असावं म्हणून लिहिलं, घाबरवायला नाही.

तिरकस

मध्यरात्र, तुमचं नाव आज कळलं.

सावकाश

मी सौ. लिहितेय, यांच्याच खात्यावरून. "माझं मत अजून पक्कं नाही" असं यांनी वर लिहिलंय ते आत्ता वाचलं. हे गृहस्थ परवा निवाऱ्यात जाऊन त्याच्या छातीचं माप घेऊन आलेत. सुतळीने. सुतळी त्यांच्या खिशात सापडली, गाठ मारलेली.

पेन्सिल

काकू रॉक्स, काका शॉक्स!

सावकाश

आता मी. माप नुसतं माहितीसाठी घेतलं होतं.

डोळस यांच्या यादीप्रमाणे तपासणी करून घेतली. डोळ्यातला दाब ठीक आहे. झाक दोन्हीकडे आहे, एकीकडे जास्त. दाढा काढाव्या लागतील. मागच्या खुब्यांत संधिवात आहे, म्हणजे मुकाटपणाचं कारण तुम्ही म्हणालात तेच. औषध सुरू केलंय. निवारा कायमच्या सांभाळावर द्यायला तयार आहे, तसा कागद होतोय. किल्ली आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे, तो आधीच त्याला भेटून आलाय. हे सगळं मुलीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ठीक आहे, पण नखं कोण कापणार?" म्हणजे तिनेही धागा वाचलाय.

निर्मोही, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र वाचला. सौ. म्हणाली, जाईल तेव्हा जाईल, पण तोंड दुखत असताना पिंजऱ्यात जाऊ नये. तेवढ्यापुरतं माझं मत पक्कं आहे.

दाढांचं झालं की आणू. दोन शंका : नाव बदलावं का? आणि फरशी गुळगुळीत आहे, त्याचे मागचे पाय घसरतील.

केशरी

नाव अजिबात बदलू नका, त्याच्याकडे तेवढीच एक ओळखीची गोष्ट उरली आहे. आणि निवाऱ्यातले लोक एक ढोबळ नियम सांगतात : तीन दिवस बुजणं, तीन आठवडे घराची घडी समजणं, तीन महिने आपलं घर वाटणं. म्हाताऱ्याला जास्तही लागतात. पहिल्या दिवशी पाहुणे नकोत, आंघोळही नको.

डोळस

फरशीसाठी खाली रबर असलेल्या पायपुसण्या ओळीने टाका, अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत. मध्ये फट ठेवू नका, फटीशी तो अडून बसेल. तळव्यांच्या गाद्यांमधले केस कापा, त्यानेही घसरणं कमी होतं. दाढा काढल्यावर काही दिवस खाणं मऊ करून. काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खडूस

पायपुसण्यांच्या कडा चिकटपट्टीने बसवा. काकू अडखळतील.